वहिनींच्या फोनएवढा वेळ

सुनंदा गेल्याचा फोन सुनंदाच्याच नंबरावरून आला. मी मंडईत होते, पावट्याच्या शेंगा निवडत. पिशवी कोपरात अडकवली, फोन खांद्याने कानाशी दाबून धरला आणि नेहमीच्या सुरात विचारलं, "काय वन्सं, बसलं का तुमचं गाढव अडून?" पलीकडे नुसता श्वास ऐकू आला. मग एक ओळखीचा, पण तिचा नसलेला आवाज म्हणाला, "काकू, मी गायत्री बोलतेय... मॅडमच्या फोनवरून." गायत्री सुनंदाबरोबर काम करणारी तरुण इंजिनिअर. दोघींना त्या दिवशी साइटवर जायचं होतं, म्हणून ती सकाळी गाडी घेऊन कात्रजला सुनंदाच्या फ्लॅटवर पोचली होती. दार उघडलं नाही, मग शेजाऱ्यांकडची किल्ली घेतली. सुनंदा झोपेतच गेली होती, हृदयविकाराने. मी "बरं, निघते" असं म्हणाले म्हणे. पुढे भाजीवाली म्हणाली, "ताई, घेताय न्हवं?" आणि मी खरंच त्या शेंगा घेतल्या, पैसे दिले, सुटे मोजून परत घेतले. माणूस अशा वेळी काय करतो आणि का करतो, ते मला अजून कळलेलं नाही. त्या शेंगा मी सोलल्या मात्र नाहीत. शेजारी देऊन टाकल्या.

सुनंदा माझी नणंद, माझ्या नवऱ्याची, श्रीकांतची, धाकटी बहीण. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा ती इंजिनिअरिंग कॉलेजात होती. पहिल्याच दिवशी तिने मला बजावलं, "मला वन्सं म्हणायचं नाही हं, फार म्हातारं वाटतं." त्यामुळे मी तिला जन्मभर वन्संच म्हटलं. तीही काही कमी नव्हती. माझी पहिली पुरणपोळी ताटात पडली तेव्हा तिने ती उचलून उजेडाकडे धरली आणि म्हणाली, "वहिनी, पुरण कुठल्या बाजूला आहे ते खूण करून ठेवत जा." आमचं जमलं ते असं. एकमेकींना सोडायचं नाही आणि एकमेकींशिवाय करमायचंही नाही.

तिने लग्न केलं नाही. का, ते तिला कुणी विचारलं की ती म्हणायची, "वेळ आहे का आपल्याकडे? बसा, सांगते." आणि लोक उठून जायचे. तिचं लग्न कामाशी लागलं होतं, असलं काही मी म्हणणार नाही, कारण ते ऐकून तिने कपाळाला हात लावला असता. पण काम तिला आवडायचं हे खरं. बहीणभाऊ मिळून यंत्रांना अक्कल पुरवण्याचा धंदा करत. हे वर्णन माझं, त्यांच्या व्हिजिटिंग कार्डावर भलतंच भारदस्त काहीतरी होतं. खेडोपाडी दूध गोळा होतं, ते टँकरमध्ये भरण्याआधी थंड करायला चिलिंग सेंटर असतात. दूध आलं की थंडावा केव्हा सुरू करायचा, टाकी भरत आली की कुठला पंप बंद करायचा, वीज जाऊन परत आली की आधी काय आणि मग काय, हे सगळं तिथल्या पॅनेलमध्ये बसवलेल्या एका डबीला लिहून सांगावं लागतं. ते लिहिण्याचं एक खास सॉफ्टवेअर असतं. तेच ते गाढव.

मंडईमागच्या आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर या दोघांचं ऑफिस होतं, म्हणजे आमच्या घराची बाहेरची खोली आणि तिच्या शेजारची छोटी खोली. श्रीकांत बाहेर बसायचा, सुनंदा आत. एका घरात दोन कॉम्प्युटर बोलायचे तर त्यांना नावं लागतात म्हणे. तिने भावाच्या कॉम्प्युटरला नाव दिलं 'दादा'. सगळं काम दादावर ठेवलेलं असायचं आणि तिचं सॉफ्टवेअर सुरू झालं की आधी दादाकडे जाऊन विचारायचं, मग उघडायचं. श्रीकांत जेवून वामकुक्षीला गेला की आपला कॉम्प्युटर बंद करून जायचा, विजेची बचत म्हणून. मग आतल्या खोलीतून आरोळी यायची, "वहिनी, दादा बंद पडला!" नव्या मोलकरणीने एकदा ही आरोळी ऐकून हातातली परात टाकली होती. त्या दुपारी मला अजून दिसतात. खिडकीच्या गजांमधून येणारं ऊन हळूहळू सरकत टेबलाच्या पायापाशी यायचं, दोन कीबोर्डांची टकटक एकमेकींना ओ देत असायची, आणि मी आत चहा टाकायचा की थांबायचं याचा विचार करत उगीच उभी असायची.

मग श्रीकांत गेला, त्याला आता बरीच वर्षं झाली. त्याचा कॉम्प्युटर काही दिवस तसाच टेबलावर होता. सुनंदाने त्यातलं सगळं काम आपल्या लॅपटॉपवर घेतलं आणि तो देऊन टाकला. नंतर तिने कात्रजला फ्लॅट घेतला. कारण सांगितलं ते गॅलरीतून डोंगर दिसतो हे. बाहेरच्या खोलीत बसवत तिलाही नव्हतं आणि मलाही नव्हतं, एवढंच. साइटवर मात्र ती आता एकटी जायला लागली.

अशाच एका साइटवरून तिचा तो पहिला फोन आला. ऐन दुपारी, मी मागचं आवरत असताना. "वहिनी, आज काय केलंय?" मी म्हटलं, "माझा स्वयंपाक विचारायला एवढ्या लांबून फोन केलात?" तर म्हणाली, सॉफ्टवेअर उघडायला घेतलं आणि ते मध्येच थबकलंय. पडद्यावर नुसती करडी चौकट दिसतेय, ना पुढे जातंय ना मागे. तिथली माणसं गोल करून बघतायत. शेडमध्ये फोनला रेंज नाही, म्हणून बाहेर रस्त्यावर आलेय, चिंचेखाली उभी आहे. मी म्हटलं, आमटी, बटाट्याच्या काचऱ्या आणि कालचा भात. ती म्हणाली, भात फोडणीचा की तसाच? असं काहीबाही बोलत राहिलो. मग ती म्हणाली, "उघडलं असेल आता. ठेवते."

तेव्हापासून तो परिपाठच झाला. आज काय केलंय, या प्रश्नाने सुरू व्हायचं आणि उघडलं असेल आता, ठेवते, इथे संपायचं. मधल्या वेळात कशाचाच काही धरबंध नसायचा. आईच्या हातचं मेतकूट, सोसायटीतली भांडणं, तिला पडलेली स्वप्नं. तिच्या स्वप्नांत नेहमी पाणी असायचं, आमच्या इमारतीच्या जिन्यातून वाहणारं, स्वच्छ, घोट्याएवढं पाणी. कधी आम्ही बोलायचोही नाही. मी फोन कानाला लावून धान्य निवडत बसायची आणि पलीकडून वारा यायचा, गुरांच्या गळ्यातल्या घंटा, लांब कुठे चाललेली मोटर, कुणीतरी कुणाला तरी शेतापलीकडून मारलेली हाक. मी पेठ सोडून फारशी कुठे गेले नाही, पण कितीतरी गावांची दुपार मी या कानाने ऐकली आहे. फोन ठेवल्यावरही ती स्वयंपाकघरात रेंगाळायची आणि कुकरची शिट्टी झाली की मी दचकून पुण्यात यायची.

ते का अडतं याचा शोध सुनंदाने अर्थातच लावला. घरी नीट उघडतं, साइटवर अडतं, हे तिच्या लक्षात आलं. मग तिने कात्रजच्या घरी एकेक गोष्ट काढून बघितली. बॅटरी बदलली, इतर सगळं बंद केलं, सॉफ्टवेअर पुसून पुन्हा घातलं आणि जुनं काम परत बसवलं. काही फरक नाही. शेवटी नेटची वायर काढली, आणि अडलं. मग ते कुणाची वाट बघतंय, हे बघायला आजाऱ्याच्या उशाशी बसावं तशी ती त्या करड्या चौकटीपाशी बसली. त्या दिवशी फोन घरूनच आला. आज काय केलंय हे तिने विचारलं नाही. म्हणाली, "वहिनी, ते दादाला शोधतंय."

मी रवा भाजत होते. गॅस बंद केला.

"अजून?" मी विचारलं.

"अजून. सुरू झालं की आधी दादाकडे जायचं, ही त्याची जुनी सवय. ती जुन्या कामाबरोबर परत आली. घरी नेट असतं ना, तेव्हा ते विचारतं, दादा आहे का? त्याला लगेच उत्तर मिळतं, इथे दादा नावाचं कुणी नाही. मग ते निमूट उघडतं. साइटवर नेट नाही. तिथे त्याला नाही म्हणायलाही कुणी नसतं. मग ते थांबतं. थांबून थांबून शेवटी आपलं आपणच समजतं आणि उघडतं."

मग नाक ओढल्यासारखा आवाज आला आणि ती म्हणाली, "रवा करपवू नका," आणि फोन ठेवला. मी रवा भाजत होते हे तिला कसं कळलं, देव जाणे. आवाजावरून असेल.

कारण सापडलं म्हणजे आता ती ते दुरुस्त करणार, असं मी धरून चालले. पण फोन येतच राहिले. पुढे गायत्री तिच्याकडे कामाला लागली, तिच्या लॅपटॉपला असाच काहीसा आजार होता. सुनंदाने तो एका बैठकीत बरा केला. आणखी कुणाकुणाचे अडलेले लॅपटॉप ती फोनवरून सांगून सोडवायची. मी तिला म्हटलं, "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण." ती म्हणाली, "बघू." पुण्यात बघू म्हणजे नाही, हे मला कुणी सांगायला नको.

एकदाच मी तिच्याबरोबर साइटवर गेले. एवढी गावं ऐकली, एक तरी दाखवा, असा हट्ट धरला म्हणून तिने नेलं. वाघोली मागे टाकून नगर रस्त्याने बरंच पुढे जायचं आणि मग आत वळायचं. पत्र्याची मोठी शेड, दुधाचा कोमट गोडसर वास, बाहेर ओळीने उपडे घातलेले कॅन आणि रस्त्यापलीकडे ती चिंच. तिला बघून मला ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं. तिथले मॅनेजर घुले पुढे आले. सुनंदाने ओळख करून दिली, "या माझ्या वहिनी." घुल्यांचं तोंड उजळलं. "अस्सं! म्हंजी ह्याच त्या व्हय? आमी म्हनतो, म्याडमचा लॅपटॉप वहिनींच्या फोनला थांबतोय. आमच्याकडं आता कुनालाबी थांबायला लागलं तर म्हनत्यात, वहिनींच्या फोनयेवढा येळ हाय." शेडमधली सगळी माणसं माझ्याकडे बघून हसली. मी सुनंदाकडे बघितलं, तर ती वाकून पॅनेलमध्ये काहीतरी शोधत होती. काही शोधत नव्हती, मला माहीत आहे. कान लाल झाले होते तिचे.

परतताना वाघोलीच्या गर्दीत गाडी अडकली तेव्हा मी विचारलं, "वन्सं, किती वेळाचं काम आहे हो ते काढून टाकायचं?"

"दोन मिनिटांचं."

"मग?"

ती समोरच्या ट्रककडे बघत राहिली. "मग साइटवर पोचले की लगेच काम सुरू होईल," ती म्हणाली. "आणि तुम्हाला फोन कधी करू? घरून करायला मला काही सुचत नाही."

मला गलबलून आलं. ते लपवायला मी म्हटलं, "त्यापेक्षा दुसऱ्या एखाद्या कॉम्प्युटरला दादा नाव देऊन टाका. सापडेल बिचाऱ्याला."

"उद्या शेजारच्या कुत्र्याला श्रीकांत म्हणाल," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारच्या रिक्षावाल्याने वळून बघितलं. हसता हसता तिने चष्मा काढून पुसला. मीही माझा पुसला. मग घरापर्यंत कुणी काही बोललं नाही, आणि त्या न बोलण्यात श्रीकांत मागच्या सीटवर नेहमीसारखा पेंगत बसला आहे असं मला सबंध रस्ताभर वाटत राहिलं.

तिचे दिवस झाल्यावर गायत्री लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. बाहेरच्या खोलीत, श्रीकांतच्या टेबलावर तिने तो ठेवला. म्हणाली, "काकू, सगळ्या सेंटर्सचं काम यात आहे. उन्हाळ्याच्या आत घुल्यांच्या नवीन टाकीचं प्रोग्रामिंग संपवायचंय, नाहीतर त्यांचं दूध खराब होईल. मी हा घेऊन जाते. फक्त..." ती थांबली. "तो दादाकडे जायचा पाथ काढून टाकू का? साइटवर फार हँग होतं, आणि माझ्याकडे मॅडमएवढा पेशन्स नाहीये. पण तुम्हाला विचारल्याशिवाय हात लावणार नाही."

मी म्हटलं, "दोन दिवस दे मला." ती समजूतदार मुलगी, निघून गेली.

साधी गोष्ट होती. दोन मिनिटांचं काम. पण ते झालं की या जगात श्रीकांतला शोधणारं काही उरणार नव्हतं. त्याची बँकेतली खाती बंद झाली, त्याच्या नावाची पत्रं यायची बंद झाली, त्याची बहीण गेली. उरलं होतं ते हे एक गाढव, जे अजून रोज त्याच्या दाराशी जाऊन उभं राहात होतं. आणि मी होते. माझं म्हणाल तर मी आता त्याला शोधत नाही, नुसती आठवण काढते. दोन्हींत फरक आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मागचं आवरून मी बाहेरच्या खोलीत गेले. घरातलं नेट बंद केलं, लॅपटॉप उघडला आणि सुनंदा करायची तसं त्या चित्रावर बोट आपटलं. करडी चौकट आली आणि थांबली. मी चहा करून आणला. ऊन टेबलाच्या पायापाशी आलं होतं. रस्त्यावरचा आवाज लांब लांब जात गेला आणि मला वाटायला लागलं की त्या चौकटीच्या आत कुठेतरी आमच्या इमारतीचा जिना आहे, त्यावरून स्वच्छ, घोट्याएवढं पाणी वाहतंय आणि कुणीतरी एकेक दार ठोठावत विचारतंय, दादा आहे का? नाही म्हणायला कुणी नाही. मला वेळेचं भान राहिलं नाही. आपोआप हात फोनकडे गेला, आणि तेव्हा लक्षात आलं की ही वाट बघताना जिला फोन करायचा ती मी आहे, आणि मला फोन करणारी आता नाही. मी खूप रडले. सुनंदा गेल्यावर पहिल्यांदाच. डोळे पुसून बघते तर ते उघडलं होतं.

मी गायत्रीला फोन केला आणि सांगितलं, "काढून टाक गं. दूध कुणासाठी थांबत नाही." ती संध्याकाळी आली, टेबलाशी बसली आणि बसूनच राहिली. मग म्हणाली, "काकू, मला नाही होत हे. असं करू या, हा लॅपटॉप जसा आहे तसा इथेच राहू दे, चालू. मी माझा आणते आणि कामं यातून घेते. इथेच बसत जाईन, चालेल?" मी म्हटलं, "भाडं म्हणून भाजी निवडून द्यावी लागेल." तेव्हापासून बाहेरच्या खोलीत पुन्हा कीबोर्ड वाजतो. गायत्रीच्या लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर सुरू झालं की सुनंदाच्या लॅपटॉपकडे जाऊन काम मागतं, मग उघडतं. आत बसून मला ती टकटक ऐकू येते आणि चहा टाकायचा की थांबायचं याचा विचार करत मी परत उगीच उभी राहते.

परवा घुल्यांच्या नव्या टाकीचं काम होतं. गायत्रीने लागेल तेवढं सोबत घेतलं आणि सकाळीच गेली. पावट्याचा हंगाम संपत आलाय, म्हणून मंडईतून शेवटच्या शेंगा आणल्या होत्या. ऐन दुपारी फोन वाजला.

"काकू, हँग झालंय." आवाज रडवेला होता. "माझीच चूक. काम बरोबर आणलं, पण सुरुवातीचं विचारणं बंद करायला विसरले. मॅडमनी इतक्यांदा सांगितलं होतं."

"कुणाला शोधतंय?" मी विचारलं, जरी मला माहीत होतं.

"मॅडमना."

मी दारातून बाहेरच्या खोलीत बघितलं. टेबलावर सुनंदाचा लॅपटॉप होता, त्याचा बारीक हिरवा दिवा लागलेला.

"घुले काय म्हणतायत?"

"म्हणतायत, त्यात काय एवढं, वहिनींना फोन लावा." ती हसली, आणि मग हसणं मध्येच थांबलं. "रस्त्यावर आलेय मी. चिंचेखाली. आल्यावर काढून टाकते काकू, दोन मिनिटांचं काम आहे."

"बरं," मी म्हटलं.

तिने फोन ठेवला नाही. पलीकडून वारा आला. कुठेतरी गुरांच्या गळ्यातली घंटा वाजली, लांब मोटर चालू होती. मी फोन कानाशी धरून खाली बसले.

"काकू," ती म्हणाली, "आज काय केलंय?"

"पावट्याची उसळ," मी म्हटलं, आणि सांगायला लागले, अगदी मंडईत शेंगा निवडण्यापासून.